रस्त्याचा ब्रँड करायचा म्हणजे नेमकं काय करायचं

नमस्कार मंडळी. पर्यावरणपूरक रस्त्याचं ब्रँडिंग म्हटलं की पहिल्याच मीटिंगला हिरवं पान मागतात, जोडीला एक सायकल, आणि आम्हीही सुरुवातीला तेच काढून दिलं होतं. नंतर साइटवर गेले तर रस्ता खोदलेला, धूळ उडतेय, आणि कामाभोवती लावलेल्या पत्र्यांवर आमच्याच हिरव्या पानाचं भलंमोठं फ्लेक्स. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच की, प्लास्टिक! आणि एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर दुकानात जायची वाट कुठून, हे कुठेच नाही. मला खरंच वाईट वाटलं त्या दिवशी.

तेव्हापासून मी सुरुवातच त्या पत्र्यापासून करते. लोकांना तुमचा प्रोजेक्ट पहिल्यांदा भेटतो तो तिथे, वैतागलेले असताना. काम कसलं चाललंय, वाट कुठून, कधी संपणार, हे मोठ्या अक्षरात, पेंटरकडून पत्र्यावरच रंगवून घ्या. लोगो कोपऱ्यात राहू दे.

आता अक्षरं. लेआउट आधी इंग्रजीत होतो आणि मराठी मागाहून त्यात कोंबतात, दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेलं असतं, मग वरच्या ओळीतल्या 'फूटपाथ'चा ऊकार खालच्या 'सर्वांसाठी'च्या रफारावर जाऊन बसतो आणि लांबून नुसता काळा गोळा दिसतो. म्हणून देवनागरी आधी बसवा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घ्या, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घरची अक्षरं आहेत आणि फॉन्ट मोफत आहे.

नावाचंही तसंच. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले, बसायला जागा केल्या, रस्त्याचं रूपच पालटलं, पण लोकांच्या तोंडी आजही जेएम रोडच. ते नाव पुसायला जाऊ नका. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून 'पादचारी दिन' केला, किती साधं नाव, कुणाला समजावून सांगावं लागत नाही!

आणि फूटपाथवरच्या पिवळ्या टाइल्स. जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये त्या शोधल्या, 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. ज्यांना दिसत नाही ते हे पायाने, काठीने वाचतात. माझ्या मते रस्त्यावरचं सगळ्यात चांगलं ग्राफिक डिझाइन हेच.

आमच्या एका रस्त्यावर नेमका या पट्टीवरच प्रोजेक्टच्या नावाचा खांब रोवला होता. आयआरसी 103, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका, म्हणते चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, आणि खांब बरोब्बर मध्ये. आम्ही हट्टाने तो उपटायला लावला, खड्डा बुजवून टाइल परत बसवून घेतली, आणि नाव शेजारच्या दिव्याच्या खांबावर, डोक्याला लागणार नाही इतक्या उंचीवर लावलं.