राखणीचा आवाज

(दृश्य: सोलापूर जिल्ह्यातलं काळं रान, जानेवारीतली पहाट. कणसात आलेली ज्वारी. बांधापलीकडे प्लॉटिंगमधली नवी घरं.)

(आवाज: भोंग्यातून "हौ... हौ... हुर्रर्र", मग कुत्र्याचं भुंकणं, मग पत्र्याचा डबा बडवल्याचा खणखणाट. थोडं थांबून पुन्हा तेच.)

निवेदन:

मंगळवेढा, मोहोळ, बार्शी. या पट्ट्यात रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. डिसेंबर-जानेवारीत कणसं दुधात येतात, मग हुरड्यात. तिथून दाणा टणक होईपर्यंतचे दिवस राखणीचे. ऐकू येतोय तो या राखणीचा भोंगा आहे. एक बॅटरी, तिला जोडलेलं छोटं सोलर पॅनल आणि मेमरी कार्डात भरलेले आवाज. सकाळी चालू केला की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही. शेतकरी दुसऱ्या कामाला मोकळा होतो.

बांधापलीकडच्या घरांत मात्र त्याच्यापासून सुटका नाही. तिथे रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायला धडपडतोय, दहावीची मुलगी अभ्यासाला बसली आहे, अंथरुणाला खिळलेल्या एक आजी आहेत. ज्वारी आधीपासून इथे होती, घरं नंतर आली, हे खरं आहे. पण म्हणून त्या आजींचा त्रास खोटा ठरत नाही.

(दृश्य: भोरड्यांचा थवा. हजारो पक्षी एकदम वळतात, आभाळात काळी लाट उठावी तसे.)

शेतकरी एवढा घायकुतीला का येतो, ते या थव्याकडे पाहिलं की कळतं. या भोरड्या. कुणी यांना गुलाबी मैना म्हणतं, कुणी पळसमैना. मध्य आशिया आणि आग्नेय युरोपात यांची वीण होते आणि हिवाळा काढायला या आपल्याकडे येतात. तिकडे टोळ आणि नाकतोडे खाणारा हा पक्षी इथे ज्वारीच्या कणसावर उतरतो. सोबत पोपट, चिमण्या, मुनिया असतातच. दुधातला दाणा मऊ असतो. पक्षी तो चिमटतो, रस घेतो आणि कणसाचं नुसतं बोंडूक राहतं. लहान तुकडा असेल आणि थवा रोज उतरला, तर हातात कडबाच येतो.

रान पालटलं, हेही इथे सांगायला हवं. उजनी धरणाचं पाणी आलं, साखर कारखाने उभे राहिले आणि बागायती पट्ट्यात ज्वारीच्या जागी ऊस आला. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची. पाखरं खायची, पण नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. आता उसाच्या मधोमध कुणाची तरी दोन एकर ज्वारी राहते आणि आसपासचा प्रत्येक थवा तिच्यावरच पडतो. रात्रीच्या मुक्कामाला उसाचा फड शेजारीच आहे. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या राखणीला माणूस मिळत नाही.

(दृश्य: शेतात उभारलेला जुना माळा. एक वयस्कर माणूस गोफण फिरवतो. वादी सुटताना फट्ट असा आवाज.)

पूर्वीची राखण या माळ्यावरून चालायची. चार मेढी, वर फळ्या, त्यावर गोट्यांचा ढीग. तांबडं फुटायच्या आधी माळ्यावर चढायचं, ऊन तापेपर्यंत गोफण चालवायची, दुपारी सावलीला टेकायचं आणि चारनंतर पुन्हा वर. या वेळा पाखरांनीच शिकवल्या होत्या. पाखरं उजाडल्यावर दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधी दोन तास जोरात खातात. भर दुपारी थवा बहुधा झाडावर बसतो. रात्री तर खातच नाही.

माळ्यावरच्या माणसाला थवा दिसायचा. थवा ज्या कोपऱ्यात उतरला, तिकडेच हाक जायची, तिकडेच गोटा जायचा. पाखरांना आवाजामागे माणूस असल्याचं कळत होतं. भोंग्याला डोळे नाहीत. थवा असो-नसो, ठरलेल्या वेळाने तो ओरडत राहतो. काही दिवसांतच पाखरं सरावतात. आवाज होतो, पण अंगावर काही येत नाही, हे त्यांना उमगतं. भोंग्याच्या खांबावरच बसून कणसाकडे बघणाऱ्या साळुंक्या आम्ही याच शेतात चित्रित केल्या.

(दृश्य: खांबावर भोंगा. त्याच्यावर दोन साळुंक्या.)

पाखरं सरावू नयेत म्हणून जाणकार सांगतात की भोंग्याची जागा बदलत राहा, आवाज बदला, दोन आवाजांमधलं अंतर एकसारखं ठेवू नका. शेतीच्या बाजूने हा सल्ला अगदी रास्त आहे. पण शेजारच्या घराला तो फार जड जातो. एकसुरी आवाजाची माणसाच्या कानाला सवय होते. पंख्याच्या घरघरीत आपण शांत झोपतो. आवाज कधी येईल याचा नेम नसला, की मन सारखं त्याची वाट बघत बसतं. म्हणजे पाखरांवर जो उपाय चांगला चालतो, तोच माणसाला सर्वाधिक छळतो. मला या सगळ्या प्रकरणात हीच गाठ सर्वांत अवघड वाटते. ती सुटायची असेल तर एकच वाट दिसते. भोंगा कमी तास चालवायचा आणि नेमक्या वेळी चालवायचा.

(दृश्य: रात्र. घराच्या ओट्यावर बसलेली एक ताई. दूरवर भोंगा चालू.)

प्लॉटिंगमधल्या एका ताईंनी शेतकऱ्याला सरळच विचारलं, "अण्णा, दिवसाचं समजतं. पण पाखरं झोपल्यावर भोंगा कशाला?"

अण्णा म्हणाले, "ताई, रातचा भोंगा पाखरांचा न्हाई, डुकरांचा हाय. कळप एकदा घुसला की सकाळी रान लोळवलेलं दिसतं."

एकाच भोंग्याला दोन पाळ्या होत्या, हे घरांना ठाऊकच नव्हतं. आणि रात्री तो आवाज घरापर्यंत किती मोठा पोचतो, याचा अण्णांना अंदाज नव्हता. कारण ते स्वतः गावात झोपतात.

रात्री आवाज लांब का जातो? उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. भोंगा एक मीटरवर 110 डेसिबलचा धरला, तर 100 मीटरवर 70 उरतात आणि 400 मीटरवर 58. हा झाला कागदावरचा हिशेब. दिवसा जमीन, पीक आणि तापलेली हवा यात आणखी घट करतात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उलटं घडतं. जमिनीलगतची हवा गार पडते, वरचा थर उबदार राहतो आणि वर निघालेला आवाज त्या थरातून वळून पुन्हा खाली येतो. ज्वारीच्या राखणीच्या रात्री नेमक्या याच.

(दृश्य: दिवस. ग्रामपंचायतीचा ओटा. दोन्हीकडची माणसं बसलेली.)

कायद्याचं बोलायचं तर 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. राहत्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी. पोलिसांकडे तक्रार करता येते. पण या मर्यादा ठरावीक वेळेतल्या सरासरीच्या आहेत. दर काही मिनिटांनी झोप मोडणारा आवाज सरासरीत कधी कधी बसूनही जातो. शिवाय पोलीस आले, भोंगा उतरला आणि त्याच रात्री डुकरं घुसली, तर बांधावरचं बोलणं कायमचं तुटतं. सांगूनही कुणी ऐकतच नसेल, तर तक्रार जरूर करावी. आधी मात्र बांधावर जाऊन बोलावं.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यायला हवा. पीव्हीसी पाइपची कार्बाइड बंदूक. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, लायटरची ठिणगी दिली की स्फोट. माकडं आणि पाखरं हाकलायला हा जुगाड शेतांत आला आणि तिथून मुलांच्या हातात गेला. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपास, शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना या बंदुकीने इजा झाली. त्यांत लहान मुलं खूप होती. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावलं आणि तेवढ्यात तो उडाला, असं घडत गेलं. आपल्या शिवारात ही नळी दिसली तर गप्प बसू नका.

(दृश्य: शेताच्या कडेने बांधलेल्या जुन्या रंगीत साड्या. कणसांवरून ताणलेली चकचकीत फीत वाऱ्यावर थरथरते.)

ओट्यावर जे ठरलं ते असं. दिवसाचा भोंगा उजाडल्यापासून दहापर्यंत आणि चार ते दिवस मावळेपर्यंत. मधल्या वेळेत बंद. तोंड घरांच्या उलट दिशेला, ओढ्याकडे. भोंग्याची जागा दर दोन दिवसांनी बदलायची. डुकरांसाठी कडेने जुन्या साड्या, आणि ज्या वाटेने कळप येतो तिथे सौर कुंपण. त्याचा झटका हलका, थांबून थांबून येणारा असतो. चोरून वीज सोडलेली तार नको, तिने डुकरांबरोबर माणसंही मेली आहेत. कुंपण उभं होईपर्यंत रात्रीचा भोंगा कमी आवाजात, घरांपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात आणि दहाच्या आत बंद. त्यानंतर अण्णांचा मुलगा टॉर्च घेऊन एक फेरी मारतो.

घरांनीही आपला वाटा उचलला. निवृत्त झालेले एक गुरुजी सकाळी फिरायला बांधावरूनच जातात. आता त्यांच्या हातात स्टीलची थाळी असते. थवा उतरताना दिसला की ते थाळी वाजवतात आणि अण्णांना फोन करतात. रविवारी मुलं माळ्यावर चढतात. अण्णा त्यांना गोफण धरायला शिकवतात, पण गोटा ठेवू देत नाहीत. नुसती वादी वाजवायची. पाखरं तेवढ्यानेही उठतात, कारण हात हलवणारा माणूस त्यांना दिसतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्यंतरी ढगाळ हवेत थवे दुपारीही उतरले आणि अण्णांनी न विचारता भोंगा दिवसभर चालवला. त्यावर वादही झाला. पण तो बांधावरच झाला, पोलीस ठाण्यात गेला नाही.

पुढच्या रब्बीचं नियोजन आत्तापासून चाललंय. घरांकडची पट्टी हरभऱ्याची, ज्वारी पलीकडे, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनीही ज्वारी पेरलीच तर एकाच आठवड्यात पेरायची, म्हणजे सगळी कणसं एकदम हुरड्यात येतील आणि थवा विभागला जाईल. हरभऱ्यात मात्र अण्णा पक्षी थांबे लावणार आहेत, इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या. त्यावर बसून पाखरं घाटेअळी वेचतात, म्हणून त्या पट्टीत ती हवीच आहेत. तिकडे भोंगा लागणार नाही.