जादा तासांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

एम्प्रेस मिल 1877 साली नागपुरात सुरू झाली आणि 1886 साली तिने आपल्या कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला. तसे करण्याची सक्ती तेव्हा कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती. आज कायदे आहेत. तरीही नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहान या औद्योगिक भागांत काम करणाऱ्या अनेक तरुणांना आपल्या एका तासाचा मोबदला किती, हे सांगता येत नाही. तो आज आपण काढून पाहू.

समजा, पगार 24,000 रुपये आहे, महिन्याला 26 दिवस काम आहे आणि दिवस आठ तासांचा ठरला आहे. म्हणजे 208 तास झाले आणि तासाला सुमारे 115 रुपये पडले. हाच दिवस रोज बारा तासांचा झाला की तास 312 होतात आणि दर 77 रुपयांवर येतो. पगारपत्रकावरचा आकडा मात्र तोच राहत असल्यामुळे ही कपात घरच्यांनाच काय, स्वतः कामगारालाही दिसत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. त्या दराने वरच्या 104 तासांचे बरोबर 24,000 रुपये होतात. म्हणजे दर महिन्याला एक अख्खा पगार बुडतो. शिवाय इतके जादा तास कायद्याला मुळात मान्यच नाहीत.

‘तुम्ही सुपरवायझर आहात, तुम्हाला ओव्हरटाइम लागू नाही,’ हे उत्तर पुष्कळांना मिळते. पदाचे नाव काहीही असो, प्रत्यक्षात काम कोणते करावे लागते यावर हक्क ठरतो, अशीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. म्हणून येण्या-जाण्याच्या वेळा रोज वहीत लिहून ठेवाव्यात आणि मागणी लेखी करावी. उत्तर मिळाले नाही, तर नागपुरातील कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

एवढे करूनही काही बदलत नसेल, झोप आणि जेवण यांचा ताळमेळ सुटला असेल, तर ती नोकरी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घराचे हप्ते चालू असताना हे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. त्यासाठीच दुसरी नोकरी हाती येईपर्यंत राजीनामा देण्याची घाई करू नये. नोटिशीचा काळ पूर्ण करावा, कार्यमुक्तीचे पत्र घ्यावे आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते नव्या नोकरीत वळवून घ्यावे. कायम नोकरीत सलग पाच वर्षे पूर्ण होण्यास थोडेच महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी रकमेची, तारीख आधी तपासावी. प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, या हिशेबाने मूळ वेतन 24,000 असलेल्या माणसाला पाच वर्षांचे सुमारे 69,000 रुपये मिळतात, आणि पुढचे दोन-तीन महिने घर चालवायला ते उपयोगी पडतात.