दोर धरणारा माणूस : ‘फॅन्टास्टिक फोर’चा ५१वा अंक

मित्रहो,

आज मी फक्त एका अंकाविषयी बोलणार आहे. वीस पानांची गोष्ट, किंमत बारा सेंट, मुखपृष्ठावर जून १९६६. अंक आहे मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनाच्या ‘फॅन्टास्टिक फोर’ या कॉमिक्स मालिकेचा, क्रमांक ५१. कथेचं नाव ‘धिस मॅन… धिस मॉन्स्टर!’. लेखक म्हणून स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी, आणि पेन्सिलीवर शाई चढवणारे जो सिनॉट.

या मालिकेवर बोलायचं म्हटलं की लोक आधी गॅलॅक्टसकडे जातात, आणि त्यात नवल नाही. ४८ ते ५० या तीन अंकांत ग्रहच्या ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो, त्याच्याआधी आकाशातून त्याचा दूत सिल्व्हर सर्फर येतो, आणि अमेरिकन कॉमिक्सने तोवर क्वचितच पाहिलेला भव्यपणा त्या पानांवर उभा राहतो. पण मला जास्त कुतूहल आहे ते त्याच्या पुढच्या महिन्याचं. जगाचा अंत टळून गेल्यावर कथाकार काय लिहितो? ली आणि कर्बी यांनी आणखी मोठा शत्रू आणला नाही. ५१व्या अंकाच्या पहिल्या पानावर, पानभर मोठ्या एकाच चित्रात, बेन ग्रिम पावसात उभा आहे. दगडी अंगावरून पाणी ओघळतंय आणि तो कुठेही जात नाहीये.

हा बेन ग्रिम कोण, हे इथल्या ज्यांनी मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्यापैकी बरेच जण इंद्रजाल कॉमिक्सवर वाढले. तिथला फँटम एकटा लढायचा. साथीदार असले तरी गोष्ट त्याची एकट्याची. १९६१च्या नोव्हेंबरच्या अंकातून ‘फॅन्टास्टिक फोर’ आले ते वेगळ्याच वळणाने. यांना मुखवटे नाहीत, गुप्त ओळख नाही. न्यूयॉर्कमधली बॅक्स्टर बिल्डिंग हा त्यांचा पत्ता अख्ख्या शहराला ठाऊक. आणि हे चौघं भांडतात, अगदी एका घरातली माणसं भांडतात तसे. रीड रिचर्ड्स वैज्ञानिक, स्यू त्याची प्रेयसी आणि १९६५च्या विशेषांकापासून बायको, जॉनी तिचा धाकटा भाऊ, आणि बेन रीडचा जुना मित्र, वैमानिक.

पहिल्याच अंकात एक प्रसंग आहे, तो विसरून चालणार नाही. रीडला घाईघाईने यान अवकाशात न्यायचंय. बेन म्हणतो, वैश्विक किरणांचा नीट अभ्यास झालेला नाही, हे धोक्याचं आहे. स्यू त्याला भित्रा म्हणते. तो शब्द जिव्हारी लागतो आणि बेन यान चालवायला तयार होतो. किरण यानात शिरतात, चौघंही बदलतात. पण बाकीचे तिघं हवं तेव्हा पुन्हा साधी माणसं दिसू शकतात. ज्याने नको म्हटलं होतं तोच कायमचा दगडी अंगाचा ‘द थिंग’ होऊन बसतो. म्हणजे या चमूच्या पायातच एक न फिटलेलं देणं आहे. रीड ते जाणतो. बेनला पुन्हा माणूस करण्यासाठी तो वर्षानुवर्षं प्रयोग करत राहतो आणि हरत राहतो.

आता ५१व्या अंकाकडे. ५०व्या अंकाच्या शेवटी बेनने आपली अ‍ॅलिशिया सिल्व्हर सर्फरशी बोलताना पाहिलेली असते. अ‍ॅलिशिया मास्टर्स अंध आहे, शिल्पकार आहे, आणि बेनवर तिचं मनापासून प्रेम आहे. पण बेनला ते कधी खरंच वाटत नाही. चांदीसारखा तेजस्वी तो परका तिच्याजवळ पाहून तो मुकाट्याने निघून जातो. पावसातला बेन हा त्या निघून गेलेल्या बेनचा पुढचा क्षण आहे.

अशा माणसाला एक अनोळखी गृहस्थ घरात बोलावतो. पाऊस आहे, आत या, कॉफी घ्या. बेन जातो. कॉफीत गुंगीचं औषध असतं. हा गृहस्थ वैज्ञानिक आहे, हुशार आहे, आणि त्याच्या मनात रीड रिचर्ड्सविषयी पराकोटीची असूया आहे. आपल्यातही तेवढीच बुद्धी आहे, पण पैसा आणि नाव त्याला मिळालं, हे त्याचं दुखणं. एका यंत्राने तो बेनचं रूप आणि ताकद स्वतःकडे ओढून घेतो. तो ‘थिंग’ होतो आणि बेन शुद्धीवर येतो तो साधा माणूस होऊन. या वैज्ञानिकाला कथेत नाव नाही. पुढे फार वर्षांनी कुणीतरी ते दिलं, पण या वीस पानांत तो बिननावाचाच आहे आणि तसाच असायला हवा.

या कथेत हाणामारी जवळपास नाही. जॉनीला तर लेखकांनी बाजूलाच काढलंय. तो नुकताच कॉलेजात गेलाय, तिथे वायट विंगफूट हा मित्र आहे, फुटबॉलच्या संघाचं काही चाललंय. ती पानं मला आजही जराशी भरतीची वाटतात. मुख्य कथेचा ताण इतका घट्ट आहे की कॉलेजात गेलं की परतायची घाई होते.

तोतया बॅक्स्टर बिल्डिंगमध्ये शिरतो. मागोमाग खरा बेन, माणसाच्या रूपात, धावत येतो आणि सांगतो, हा मी नव्हे, हा तोतया आहे. आणि रीड-स्यू त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. दगडी अंग ज्याचं, तो बेन, असं त्यांच्या डोळ्यांनी धरून ठेवलंय. इतकी वर्षं बेनच्या मनात एकच भीती होती, की लोक आपल्यात फक्त हे अंग बघतात. इथे त्याच्या सर्वांत जवळच्या माणसांनीच ती खरी ठरवली. रीड वाईट नाही, स्यू वाईट नाही, कुणाचा हेतू खोटा नाही. तरीही बेनचा अपमान व्हायचा तो होतोच. तो चिडून निघतो. निदान माणूस तरी झालो, आता अ‍ॅलिशियाकडे जाऊ, असं म्हणत.

इकडे तोतयाला कळतं की रीड कशावर काम करतोय. गॅलॅक्टस येऊन गेल्यावर रीडने ओळखलंय की असं संकट पुन्हा आलं तर पृथ्वीकडे उत्तर नाही. प्रकाशाहून वेगाने अंतर कापण्याची युक्ती सापडावी म्हणून त्याने ‘सब-स्पेस’चं दार उघडलंय. पुढे वाचक ज्याला ‘निगेटिव्ह झोन’ म्हणून ओळखू लागले, त्याची सुरुवात इथून होते. आत जायचं तर परतीची एकच खात्री: कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक बेनच्या हातात.

विहिरीत उतरणाऱ्या माणसाला काठावर दोर धरणाऱ्याचा चेहरा खालून दिसत नाही. दोराला हिसका दिला की वरून ओढ मिळणार, एवढंच तो धरून चालतो. रीड तसाच उतरतो. बेनला काही विचारायची गरजच त्याला वाटत नाही. आणि दोर धरलाय तो त्याचं वाईट चिंतणाऱ्याने.

आतलं जग कर्बींनी कसं दाखवलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांनी मासिकांतली छायाचित्रं कापून, एकमेकांवर चिकटवून पार्श्वभूमी केली आणि तिच्यावर तरंगणारा रीड रेखाटला. छायाचित्रांची चिकटकामं त्यांनी आधीही केली होती, पण इथे ती तंत्राची हौस राहत नाही. ज्या जागेचे नियम आपल्या जगाचे नाहीत, तिथे चित्रसुद्धा निराळ्या जातीचं झालंय. स्वस्त कागदावरच्या त्या काळच्या छपाईत या पानांचा बराचसा बारकावा गढूळ होऊन जाई, तरी धाडस लपत नाही.

पण माझ्या मते या अंकाचं शिखर ते पान नाही. शिखर आहे त्या दाराच्या अलीकडे, प्रयोगशाळेत, दोर धरून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. त्याला काहीच करायचं नाहीये. नुसता दोर ओढला नाही की झालं. पण रीडला त्याने आजवर लांबून पाहिलं होतं, प्रसिद्धीतून पाहिलं होतं. इथे त्याला दिसतं की हा माणूस नावासाठी जीव धोक्यात घालत नाहीये. आणि ज्याच्यावर आयुष्यात कुणी एवढा विसंबून राहिला नव्हता, त्याच्या हातात कुणीतरी आपला जीव देऊन खाली उतरलंय. चुकून दिलाय, दुसराच समजून दिलाय, पण दिलाय. सिनॉट यांच्या स्वच्छ, ठाम शाईत त्या दगडी चेहऱ्यावरची चलबिचल वाचता येते.

अखेर तो स्वतः त्या पोकळीत जातो. समोर ती जागा आहे जिथे दोन उलट जातींची द्रव्यं भिडतात आणि स्फोट होतो. दोघं वाचू शकत नाहीत. बेनची उसनी ताकद वापरून तो रीडला दाराच्या दिशेने भिरकावतो आणि स्वतः नाशाकडे वाहत जातो. त्याला भीती नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या मनात कुणाविषयी द्वेष उरलेला नाही.

त्याच घडीला बेन अ‍ॅलिशियाच्या दारात पोचलेला असतो. तोतया संपतो आणि दार उघडण्याआधी बेन पुन्हा दगडी होतो. एकाची सुटका दुसऱ्याच्या पुन्हा अडकण्यात, अशी ही बेरीज आहे, आणि लेखकांनी ती सौम्य करायचा प्रयत्न केलेला नाही.

आता कर्बींविषयी थोडं. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या ज्यू वस्तीत त्यांचा जन्म झाला. मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग, वडिलांचं नाव बेंजामिन. लहानपणी गल्लीतल्या मारामाऱ्या, पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपात पायदळात, थंडीने पाय गोठून इस्पितळात. बेन ग्रिम ज्या यान्सी स्ट्रीटचा, तिचं नाव त्यांच्या वस्तीतल्या डेलान्सी स्ट्रीटवरून आलेलं. बेनमध्ये आपणच आहोत असं कर्बी सांगत. हा अंक वाचताना मला त्यावर सहज विश्वास बसतो.

आणि श्रेयाचा प्रश्न टाळता येत नाही. मार्व्हलमध्ये तेव्हा काम असं चालायचं: आधी कथासूत्रावर तोंडी बोलणं, कधी तेही थोडकंच; मग चित्रकार पानंच्या पानं रचणार, प्रसंग कुठे तोडायचा, कुणाचा चेहरा कधी दाखवायचा हे तो ठरवणार; आणि संवाद शेवटी ली लिहिणार. मग यात ‘लेखक’ किती जण? जानेवारी १९६६मध्ये ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये मार्व्हलवर लेख आला. त्यात ली यांचं कौतुक होतं आणि कर्बींची खिल्ली. कर्बी आणि त्यांची पत्नी रोझ यांना तो लागला. हा अंक त्याच वर्षीच्या वसंतातला, म्हणून काही वाचक असूया आणि श्रेयाच्या या गोष्टीत त्या दोघांचंच नातं शोधतात. मला हे वाचन अपुरं वाटतं. गोष्टीत असूयेने पेटलेला माणूस शेवटी ज्याचा हेवा केला त्यालाच वाचवतो. हिशोब चुकता करायला बसलेला कलावंत असा शेवट रचणार नाही. पण श्रेयाचा मूळ प्रश्न खराच होता. दोघांनी ही मालिका सलग १०२ अंक केली, १९७०मध्ये कर्बी मार्व्हल सोडून गेले, पुढे मूळ चित्रं परत मिळावीत म्हणून त्यांना झगडावं लागलं. १९९४मध्ये ते वारले. त्यांच्या वारसांची आणि मार्व्हलची तडजोड झाली ती २०१४ साली. त्यानंतर अंकांवर त्यांचं नाव ठळकपणे येऊ लागलं. ली यांचे संवाद मी कमी लेखत नाही. बेनच्या तोंडची ती रांगडी, दुखरी बोली त्यांचीच आहे. पण पावसात उभं राहणं, दोर धरलेला हात, दारात बदलणारं शरीर, हे आधी चित्रात घडलंय.

एक गोष्ट राहिली, बेनचं परत येणं. तो बॅक्स्टर बिल्डिंगमध्ये येतो तेव्हा त्याच्या ताटातलं सगळं गेलेलं आहे. रूप गेलं, अ‍ॅलिशियासमोर माणूस म्हणून उभं राहायची संधी गेली, आणि ज्यांनी त्याला खोटं ठरवलं तीच माणसं समोर आहेत. रीड-स्यूला आता उमगतं की वाचवणारा बेन नव्हताच. ज्याने बेनला फसवलं, त्याच्या मरणाचा इथे सन्मानाने विचार होतो: त्याने पुरी किंमत मोजली, आणि माणसासारखी मोजली. बेनने त्याला शिव्या दिल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. रीडला जाब विचारला असता तरी चाललं असतं. त्यातलं काही न करता तो त्यांच्यात येऊन उभा राहतो. पुढे १९६८च्या विशेषांकात स्यूच्या बाळंतपणात तिचा जीव वाचवायला याच ‘निगेटिव्ह झोन’मध्ये उतरायची वेळ येते, तेव्हा रीड आणि जॉनीबरोबर बेनही जातो.

ज्यांना वाचायचंय त्यांनी ४८पासून ५१पर्यंत सलग वाचा. पुनर्मुद्रित संग्रह मिळतात. ५०वा संपल्यावर लगेच ५१ उघडा, मध्ये थांबू नका. आणि दोराची पानं आधी संवाद न वाचता, नुसती चित्रं बघत उलटा, मग शब्दांसकट पुन्हा वाचा. दोघांपैकी कोणी काय केलं ते तुमचं तुम्हाला दिसेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.