फॉरमॅट मारण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. कंप्युटर चालू केला, टिंबं गोल गोल फिरली, पडदा निळा पडला, की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "फॉरमॅट मारा," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका. जरा दमानं घ्या. आधी एकच आठवा: बिघडण्यापूर्वी शेवटचं काय बदललं? नवा प्रिंटर जोडला? रात्री अपडेट बसलं? कुणी एखादं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं? शेवटचं काय बदललं, तिथून सुरुवात करायची.

यावरून एक किस्सा सांगतो. मी तो संधी मिळेल तिथे सांगतो, तेव्हा आधी ऐकला असेल तर चालवून घ्या. तारीख २० एप्रिल १९९८. शिकागोत कॉम्डेक्स हे कंप्युटरचं मोठं प्रदर्शन भरलेलं. मंचावर खुद्द बिल गेट्स आणि सोबत त्यांचे तरुण सहकारी क्रिस कपोसेला. विंडोज ९८ बाजारात यायला दोन महिने होते. लोकांना दाखवायचं होतं ते हे, की आता नवं यंत्र जोडायला काही खटपट नको. वायर खोचा, बाकीचं विंडोज बघून घेईल. ज्यांनी त्या काळात फ्लॉप्या घालून घालून प्रिंटर चालू केलाय, त्यांना विचारा हे केवढं अप्रूप होतं!

तर कपोसेलांनी स्कॅनरची वायर खोचली. बघा, म्हणाले, विंडोजनं स्कॅनर ओळखला, आता त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, आपोआप लोड होतोय... आणि मागच्या भल्याथोरल्या पडद्यावर सगळं निळंशार! निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत चूक झाल्याचा निरोप. सभागृह हसतंय, टाळ्या पिटतंय, थांबायला तयार नाही. गेट्सही हसले आणि म्हणाले, म्हणूनच तर आम्ही विंडोज ९८ अजून विकायला काढलेलं नाही! कपोसेलांचं पुढे काय झालं, असं मला हटकून विचारतात. काही नाही झालं. नोकरी टिकली, आणि पुढे ते मायक्रोसॉफ्टचे मार्केटिंग प्रमुख झाले. हल्ली मात्र कंपन्या आधीच चित्रित केलेलं, घासूनपुसून चकचकीत केलेलं प्रात्यक्षिक दाखवतात. त्यात कसली मजा? पुढे काय होणार हे खोचणाऱ्यालाच ठाऊक नाही, ते खरं प्रात्यक्षिक. असो.

आता त्या मंचावर शेवटचं काय बदललं? स्कॅनर जोडला. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. ड्रायव्हर मात्र बहुधा सिस्टीमच्या गाभ्यात चालतो. तिथे चूक झाली, की पुढे माहिती खराब होऊ नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. निळा पडदा म्हणजे ते थांबणं. त्यावर स्टॉप कोड असतो, म्हणजे कुठली चूक झाली त्याची खूण. त्याचा तेवढा फोटो काढून ठेवा, उपयोगी पडतो. विंडोज ८ पासून तिथे रडका चेहरा दाखवायला लागले, तो मला अजिबात आवडला नाही. विंडोज ११मध्ये २०२५ला तो गेला आणि पडदाही काळा झाला. यंत्रानं रडू नये, कुठे दुखतंय ते सांगावं.

तर नवीन जोडलेलं सगळं काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही अडलं तर सेफ मोड. तिथे अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर चालतात. सेफ मोडमध्ये कंप्युटर नीट चालला, तर विंडोजचा गाभा बहुधा शाबूत आहे आणि गडबड वरून आलेल्या कशात तरी आहे. पूर्वी एफ-आठ दाबलं की काम व्हायचं. आता शिफ्ट दाबून धरायचं आणि रीस्टार्ट निवडायचं. विंडोजच उघडत नसेल, तर दोन-तीनदा सुरुवात फसल्यावर दुरुस्तीचा पडदा सहसा आपोआप येतो. तिथून शेवटचं अपडेट काढता येतं, किंवा सिस्टीम रिस्टोअरनं मागच्या तारखेला जाता येतं. त्यात तुमचे फोटो, कागदपत्रं जात नाहीत. पुन्हा सांगतो, जात नाहीत. फॉरमॅटमध्ये जातात.

१९ जुलै २०२४ला जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कंप्युटर निळे पडले, ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे. कंपनीनं ते सव्वा तासाच्या आसपास मागे घेतलं, पण जे कंप्युटर उठतच नव्हते त्यांना त्याचा काय उपयोग? मग माणसं एकेका यंत्रापाशी बसली, सेफ मोडमध्ये गेली आणि त्या अपडेटची सदोष फाइल पुसली. कुठेकुठे तिथेही अडलं, कारण डिस्कला बिटलॉकरचं, म्हणजे माहिती सांकेतिक करून ठेवणारं विंडोजचं कुलूप होतं आणि ते उघडणारी ४८ आकडी किल्ली, रिकव्हरी की, हाताशी नव्हती. तुमच्याही लॅपटॉपला ते कुलूप असू शकतं, तुम्ही लावलेलं नसलं तरी. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की सापडते का, आज बघून घ्या आणि कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.