काठाला थोडा चिखल राहू द्या

नमस्कार मंडळी. तळ्याकाठच्या फिरण्यावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी सकाळी चालायला बाहेर पडणारे असणार. कोणी व्हॅक्सिन डेपोतल्या झाडांखालून चालतं, कोणी किल्ला तलावाकडे जातं. बेळगावसारख्या वर्दळीच्या शहरात घरापासून जवळ एवढं पाणी बघायला मिळतं, हे आपलं भाग्य आहे.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की तळ्याचा जीव त्याच्या काठाशी असतो. गुडघाभर पाणी, चिखल, लव्हाळा, पाणकणीस. नेमकं हेच आपल्याला घाण वाटतं. सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा हे काढलं जातं आणि तिथे पिचिंग म्हणजे काठावर बसवलेले दगड, रेलिंग, पेव्हर येतात. चालायला वाट हवीच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती सपाटच हवी. पण ती पाण्याला चहूबाजूंनी चिकटूनच का हवी?

किल्ला तलावाच्या आवारात २०१८ साली ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. बाहेरगावचा पाहुणा आला की मान वर करून तो बघतो, फोटो काढतो. जरूर काढावा. मग त्याला पाण्याच्या कडेलाही न्या, आणि जिथे गवत उरलं असेल तिथे उकिडवं बसायला सांगा. लव्हाळ्याच्या काडीवर, पाण्यापासून टीचभर उंचीवर, एक वाळकं तपकिरी टरफल चिकटलेलं दिसेल. सहा पाय काडीला घट्ट धरलेले, पाठ मधोमध उकललेली, आत काही नाही. ती चतुराची कात, पाण्यावर भिरभिरणाऱ्या त्या चार पंखी किड्याची. चतुराचं पिल्लू कित्येक महिने पाण्यात वाढतं, तिथे डासांच्या अळ्या खातं आणि दिवस भरले की आधार शोधून पाण्याबाहेर चढतं. पाठ उकलते, ओले पंख बाहेर येतात, वाळतात. मग ते उडून जातं. बऱ्याच जातींचे चतुर आणि टाचण्या, म्हणजे त्यांचे बारीक अंगाचे भाऊबंद, अंडीही पाणवनस्पतींतच घालतात. काठ खरवडून साफ केला तर डास खाणारा हा सोबती आपणच हाकलून दिला. नंतर फॉगिंगच्या गाडीची वाट बघायची.

दुसरी गोष्ट टिबुकलीची. मुठीएवढा दिसणारा, तपकिरी, शेपूट जवळजवळ नसलेला पक्षी. तुम्ही बघेपर्यंत बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. मुलांना घेऊन जा आणि ती कुठे वर येईल याची पैज लावा, मोबाइल कोणी मागणार नाही. तिचं घरटं पाण्यावर तरंगतं. कुजक्या पाल्याचा ढीग असतो नुसता, काठच्या गवताला अडकवलेला. घरट्यावरून उठताना ती अंडी ओल्या पाल्याने झाकून जाते. वरून बघणाऱ्या घारीला कचराच दिसावा! पावसाळ्यात पाणी वाढतं तसं घरटंही वर उचललं जातं. पण जवळून मोटारबोट गेली तर लाटेने ते उलटू शकतं. म्हणून माझा आग्रह पायडलच्या किंवा वल्ह्याच्या बोटींचा आहे. पाण्यावर जायला मिळावं, मुलांनी पाण्याला हात लावावा, असं मला मनापासून वाटतं. फक्त गवताची बाजू बोटींना बंद ठेवावी आणि बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावं.

पोहण्याचंही सांगतो. आपल्या भागात पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा बांधून. त्या जोरावर तळ्यात किंवा धरणात उडी घेऊ नका. तळ्याचा तळ गाळाचा असतो, पाय रुततो, पाणवेल पायाला गुंडाळते आणि धडपडाल तितकी आवळते. राकसकोपच्या धरणात तर पोहण्याचा विचारही नको. ते आपलं पिण्याचं पाणी आहे. बैलूरच्या डोंगरातून येणारी मार्कंडेय नदी तिथे अडवली आहे, आणि ते पाणी हिंडलगा, लक्ष्मी टेकडी असं करत आपल्या नळाला येतं. जुलैत पातळी समुद्रसपाटीपासून २४७५ फुटांकडे, म्हणजे धरण भरण्याकडे सरकली की सगळं शहर आनंदात असतं, घरची मंडळी गाडी काढून बघायला जातात. शेजारचं तुडये गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या उतारावर पडणारा पाऊस सीमा ओलांडून आपल्याकडे येतो. जेवायला डबा न्या, पण पत्रावळ्या आणि प्लॅस्टिक परत घरी आणा.

माशांना चिरमुरे आणि पाव टाकण्याबद्दल आता बोलायलाच हवं. भूतदया म्हणूनच आपण टाकतो. पण उरलेला पाव तळाशी कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो. त्यात सांडपाणी मिसळलं की शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते. रात्री ऊन नसल्यामुळे शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं. म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. फेरीला गेल्यावर मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले, तर भूक लागली समजून आणखी पाव टाकू नका. ते गुदमरत आहेत. त्याच दिवशी महापालिकेला कळवा.

हिवाळ्यात एक दिवस काढून लांबही जा. गोकाक तालुक्यात धुपदाळला घटप्रभेवर ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे, तिथलं पाणी पक्षी अभयारण्य आहे. गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्याला २०२४ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. तिथे पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी, हिमालय ओलांडून. आजूबाजूच्या शेतांत चरतात आणि पाण्यावर परत येतात. गावाने आपलं तळं गावतळंच ठेवलं, म्हणून ते अजून उतरतात असं मला वाटतं.

आपल्याला त्यासाठी फार काही नको आहे. पुढच्या कामाचा आराखडा होईल तेव्हा चालणाऱ्यांनी एकत्र जाऊन तो मागून घ्यावा, बघावा. जिथे सकाळी गर्दी कमी असते अशी एक बाजू निवडून वाट तिथे पाण्यापासून पंधरा-वीस पावलं मागे घ्यायला सांगावी. मधल्या पट्ट्यात पिचिंग नको, दिवे नकोत, लव्हाळा कापायचा नाही. तिथे एक बाक ठेवा आणि पक्ष्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेला एक फलक. अर्ज लिहायला मी तयार आहे. सह्यांसाठी कागद बाहेर, दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.