दहा तबकड्या आणि अकरावी

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घराचा जिना, वरची खोली, टेबलावर लॅपटॉप आणि कोऱ्या डीव्हीडींची गड्डी.)

या फोल्डरात एका कुटुंबाची तीन पिढ्यांची कागदपत्रं आहेत. मोडीतले हिशेब, लग्नाच्या पत्रिका, अल्बममधले फोटो, सगळं स्कॅन करून जेपेग फाइलींत ठेवलंय. आकार ३८ जीबी. एका डीव्हीडीवर हे मावणार नाही, म्हणजे तुकडे पाडावे लागणार. पाडणं अवघड नाही, एका ओळीचं काम आहे. दहातली एक तबकडी पुढे वाचलीच गेली नाही तर किती जाईल, हे मात्र आधी ठरवायला हवं.

आधी मापं. खोक्यावर ४.७ जीबी छापलेलं असतं. ते हजाराच्या हिशेबातलं. कमांड लाइनवरची, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची, बहुतेक साधनं १०२४ च्या हिशेबाने मोजतात, आणि त्या मापात डीव्हीडी प्लस आर भरते साधारण ४४८२ एमबी. फाइलीचे तुकडे पाडणाऱ्या स्प्लिटला ‘४.७जी’ असं सांगून पाहा, ते सरळ नाकारतं, कारण अपूर्णांक त्याला चालत नाही. मग माणूस ‘४जी’ लिहितो. तुकडे पडतात आणि अडतं ते पुढे, तबकडी लिहिताना. आयएसओ ९६६० ही तबकडीवर फाइली मांडायची पद्धत, तिच्या साध्या मांडणीत एका फाइलीची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट. ‘४जी’ म्हणजे बरोबर त्याहून एक बाइट जास्त. एका बाइटसाठी अख्खा तुकडा नाकारला जातो.

म्हणून इथे तुकडा ४००० एमबीचा घेतलाय. उरलेली ४८० एमबी जागा वाया जात नाही. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि वाचनातल्या चुका बाहेरच्या कडेला जास्त निघतात. कड कोरी राहिली तर बरंच.

(दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं.)

सगळ्यांना ठाऊक असलेली वाट अशी: टार फाइलींची एक मोळी बांधतो, जीझिप ती दाबतो, पाइपमधून ती स्प्लिटकडे जाते. परत जोडायला कॅट. दिसायला सुरेख. पण जीझिपचा प्रवाह अखंड असतो. चौथा तुकडा गेला की पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचे तुकडे हातात असूनही निरुपयोगी. हरवली एक तबकडी, गेल्या सात. वर्षानुवर्षं ठेवायच्या गोष्टींना ही पद्धत वापरू नये.

याच शहरात, सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये अमेरिकेहून आलेल्या विल्यम बॉर्डन यांनी संस्थानाच्या ग्रंथालयांची घडी बसवली. त्या योजनेत फिरती वाचनालयंही होती, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात. एखादी पेटी वाटेत अडकली म्हणून दुसऱ्या गावातल्या पेटीतलं पुस्तक वाचायचं थांबत नसे. तबकड्यांकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

ती अपेक्षा पुरी करणारं एक साधन डर्स्प्लिट. ते फाइली न कापता, प्रत्येक तबकडीत मावतील असे त्यांचे गट पाडून देतं. प्रत्येक तबकडी स्वतंत्र, कुठल्याही संगणकावर उघडणारी. इथे अडचण मराठी नावांची. जॉलिएट म्हणजे आयएसओ ९६६० ला जोडलेली लांब नावांची मांडणी, तिच्यात नाव ६४ अक्षरांपर्यंत, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. नुसता ‘श्री’ चार अक्षरं खातो. ‘श्रीमंत काकासाहेबांच्या लग्नाची निमंत्रणपत्रिका’ एवढ्यातच ४७ होतात, याहून ऐसपैस नावं द्यायची सवय असेल तर ती कापली जातात.

म्हणून इथे वापरलंय डार. तुकडे तेही पाडतं, पण दाबायचं असेल तर प्रत्येक फाइल वेगळी दाबतं, आणि कोणती फाइल कुठे आहे याची सूची शेवटी लिहितं. एक तुकडा गेला तर त्यातल्याच फाइली जातात. मूळ नावं त्याच्या पोटात सुरक्षित राहतात, तबकडीला दिसतं फक्त तुकड्याचं छोटं नाव.

(दृश्य: आज्ञा एकेक शब्दाने उमटते.)

डार, छोटा सी, पोथी: हे संचाचं नाव. मोठा आर आणि फोल्डरचा पत्ता. छोटा एस, ४०००एम: तुकड्याचा आकार. मिन-डिजिट्स ३, म्हणजे क्रमांक ००१, ००२ असे पडतील. हे विसरलं तर यादीत दहावा तुकडा दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. आणि हॅश, एसएचए५१२: तुकडा लिहितानाच त्याची पडताळणीची फाइल तयार होते. दाबण्याचा पर्याय मुद्दाम दिलेला नाही. जेपेग आधीच दाबलेलं असतं, पुन्हा दाबून वेळ जातो, जागा वाचत नाही.

नऊ तुकडे ४००० चे, दहावा सुमारे २९०० एमबीचा. हार्ड डिस्कवर तेवढी जागा मोकळी नसेल तर छोटा पी द्यावा. डार प्रत्येक तुकड्यानंतर थांबतं, तो तबकडीवर लिहून पुसावा आणि पुढे जावं. मात्र मग अकरावी तबकडी करता येणार नाही, कारण तिला सगळे तुकडे एका जागी लागतात.

अकरावी म्हणजे पार२ ची. ते दहाही तुकडे वाचून दुरुस्तीचा जादा मजकूर तयार करतं. किती टक्के सांगायचं, इथे घाई नको. १० टक्के सोयीचे वाटतात, पण ३८ जीबीचे १० टक्के ३८९१ एमबी, आणि हरवणारा तुकडा ४००० चा. म्हणजे दुरुस्ती थोडक्यात हुकणार. ११ टक्के घेतले की सुमारे ४२८० एमबी होतात. तुकडा भरून निघतो आणि सगळं एका डीव्हीडीवर मावतं. पार२ हा मजकूर स्वतःच लहानमोठ्या फाइलींत विभागतो, त्यामुळे ४ जीबीची मर्यादा आड येत नाही. पण हे काम संथ आहे. संगणक रात्रभर चालू ठेवायची तयारी असावी.

(दृश्य: ड्राइव्हचा ट्रे आत जातो.)

लिहायला ग्रोआयएसओएफएस, वेग ४. प्रत्येक तबकडीवर तुकड्यासोबत त्याची पडताळणीची फाइल, वेगळी काढलेली सूची आणि डारची स्टॅटिक प्रत, म्हणजे वेगळं काही न बसवता चालणारी. डारची सूची शेवटच्या तुकड्यात असते, म्हणून फाइली परत काढताना ते आधी दहावी तबकडी मागतं. नेमकी तीच खराब झाली तर वेगळी सूची कामी येते.

लिहून झालं की ट्रे बाहेर काढून पुन्हा आत घालायचा, मगच पडताळणीची आज्ञा, एसएचए५१२सम. नाहीतर संगणक आपल्याच मेमरीतून वाचून सगळं ठीक असल्याचं सांगेल.

तबकडीवर चिकटपट्टीचं लेबल लावू नये, तोल जातो. तबकडीसाठीच्या मऊ टोकाच्या पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावं: ‘पोथी, १० पैकी ४’. दुसरा संच दुसऱ्या घरी, आणि तळमजल्यावर नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं, ते बडोदेकरांना सांगायला नको.

(दृश्य: दहा तबकड्या टेबलावर. एक हात चौथी उचलून बाजूला ठेवतो.)

आता परीक्षा. उरलेल्या नऊ आणि अकरावी अशा दहा तबकड्या हार्ड डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरात उतरवल्या. पार२ रिपेअर. पहिला निरोप येतो की पोथी ००४ सापडत नाही. मग टक्केवारी सावकाश सरकत राहते. शेवटी फोल्डरात पोथी ००४ उभी राहते, ४००० एमबीची. मग संचाची तपासणी: डार, छोटा टी, पोथी.

(दृश्य: पडद्यावर चुकांची संख्या, शून्य.)