शाळेच्या फाटकापासून पाचशे मीटर

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापुरातल्या दोन उड्डाणपुलांबद्दल कुणालाही विचारा. एक जुन्या पुणे नाक्याहून पत्रकार भवनाकडे, दुसरा जुन्या बोरामणी नाक्याहून मोरारका बंगल्याकडे. भूसंपादन, मोजणी, निविदा यांची चर्चा इतकी वर्षं चाललीय की चहाच्या गाड्यावरचा माणूसही सगळा इतिहास सांगेल. आता त्यालाच विचारा, तुमच्या पोराच्या शाळेसमोरच्या फुटपाथला यंदा किती पैसे ठेवलेत? तो गप्प बसेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. फुटपाथाचं काम बहुतेक वेळा रस्त्याच्या कामातच धरलेलं असतं. पैसे कमी पडले की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि कात्री लागली हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या शहरात शाळेला चालत कोण जातं? पूर्व भागात सकाळी उभं राहून बघा. आई वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यावर निघालेली असते, बाप यंत्रमागावर, आणि मोठी बहीण धाकट्याचा हात धरून रस्ता ओलांडत असते. तिच्या एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला दुचाकी, आणि हंगामात उसानं भरलेल्या ट्रॉल्या. जड वाहतुकीवर आपल्याकडे आंदोलनं होतात, वेळा ठरतात, काही दिवस पाळल्या जातात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

गंमत अशी की मूल चालत येणार, हे कायद्यानं गृहीतच धरलंय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. अंतर मोजून दिलं, पण त्या अंतरात पाय कुठे ठेवायचा हे ठरवायला शिक्षण खातं नाही आणि बांधकाम खातंही नाही.

मग आपण काय करतो? परवडतं ते रिक्षा लावतात. मूल नववीत गेलं की हातात स्कूटी देतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीतलं एक कलम मात्र फारसं कुणी सांगत नाही. ठरलेले सुरक्षा निकष न पाळता रस्ता बांधला किंवा राखला, आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तर सांगून टाकलं, की चालायला फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

हक्क मिळाला, पण फरशी बसवायला पैसा लागतो. आणि पैसा नाही, हे मला पटत नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या २० शहरांत सोलापूर होतं. त्या योजनेत केंद्राकडून ५०० कोटींपर्यंत, आणि तेवढीच भर राज्य आणि महापालिकेनं घालायची, अशी रचना होती. मार्च २०२५ मध्ये ती योजना संपली. पण हवा शुद्ध करण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आपलं शहर आहे, कारण इथली हवा निकषात बसत नाही. आपल्याकडच्या धुळीत रस्त्याच्या उघड्या कडांचा मोठा वाटा असतो. ती कड पक्की केली की धूळही कमी आणि पोरांना चालायला जागाही. शिवाय जिल्हा नियोजन समिती आहे, आमदारांचा स्थानिक विकास निधी आहे. निधीच्या वाट्या पुष्कळ आहेत. शाळेच्या रस्त्याच्या नावाची एकही नाही, दुखणं तिथं आहे.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. २००५ साली तिथल्या केंद्र सरकारनं शाळेच्या वाटा सुरक्षित करण्यासाठी वेगळा कार्यक्रम काढला आणि पाच वर्षांसाठी ६१२ दशलक्ष डॉलर राखून ठेवले. प्रत्येक राज्याच्या निधीतला ७० ते ९० टक्के हिस्सा बांधकामावर, उरलेला मुलांच्या प्रशिक्षणावर आणि वाहतूक शिस्तीवर. आणि फक्त ह्याच कामावर. पण २०१२ च्या कायद्यात हा कार्यक्रम एका मोठ्या निधीत मिसळून टाकला. मग शाळेच्या झेब्रा पट्ट्यांना इतर दहा कामांशी झगडावं लागलं. म्हणून मी स्वतंत्र लेखाशीर्षाचा आग्रह धरतोय. महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ हवी: शाळा परिसरातील पादचारी व सायकल सुविधा, नवीन काम आणि देखभाल. देखभाल हा शब्द त्यात हवाच. नाहीतर पेव्हिंग ब्लॉक बसतील, पुढच्या महिन्यात जलवाहिनीसाठी खोदतील आणि माती तशीच पडून राहील.

सायकलीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. रंगवलेले सायकल मार्ग आधी नकोत. पुण्यात बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकांबरोबर ते बांधले, आणि त्यातले कितीतरी दुचाक्या लावायला आणि टपऱ्यांना उपयोगी पडले. सोलापुरात आधी शाळेजवळ गाडीचा वेग उतरवा. ताशी ३० किलोमीटरच्या वर गाडी जाणारच नाही अशी रस्त्याची बांधणी करा, म्हणजे फुटपाथाच्या उंचीला आणलेली ओलांडणी, गाडीला हळूच वळावं लागेल असा आवळलेला वळणाचा कोपरा, फाटकासमोर गाडी लावायला मनाई. मग मूल त्याच रस्त्यावरून सायकल चालवेल. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या निकषाप्रमाणे फुटपाथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. मोकळी म्हणजे मध्ये विजेची डीपी नाही, खांब नाही, उघडं चेंबर नाही. आणि एप्रिलातल्या आपल्या उन्हात सावलीचं झाडही त्याच खर्चात धरलं पाहिजे. कडुनिंब लावा, परदेशी शोभेची झाडं नकोत.

आता हे मागायचं कसं? आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जातं, आणि १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष लागतं. म्हणजे जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरण्याआधी मागणी पोचायला हवी. मार्चमध्ये निवेदन देऊन फोटो काढण्यात अर्थ नाही. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं कामच आहे. त्या समितीनं ठराव करावा. शाळेच्या फाटकापासून पाचशे मीटरपर्यंत पालकांनी एकदा मुलांबरोबर चालावं, फुटपाथ कुठे तुटतो, ओलांडायला कुठे थांबावं लागतं, अंधार कुठे आहे, हे कागदावर काढावं. ठराव आणि तो नकाशा जोडून अर्ज झोन कार्यालयात द्या, एक प्रत आयुक्तांकडे, एक नगरसेवकांकडे. आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

नमस्कार.